कंपाइल केलेल्या लायब्ररीची रिटर्न व्हॅल्यू पायथनमध्ये बिनचूक कशी घ्यावी

सी भाषेत लिहून कंपाइल केलेले एखादे फंक्शन पायथनमधून कॉल करणे हे दोन ओळींचे काम आहे. त्या फंक्शनने परत दिलेले उत्तर बिनचूक हाती घेणे हे निराळे काम आहे, आणि त्याविषयी मिळणारा सल्ला बहुतेक वेळा अपुरा, कधी कधी तर सरळ चुकीचा असतो. ‘ऋण आकडा आला तर मास्क लावा’, ‘प्रोग्राम कोसळत असेल तर ट्राय-एक्सेप्टमध्ये घाला’, ‘मेमरी सिस्टिमच्या फ्रीने मोकळी करा’ हे तिन्ही सल्ले मी पाळून पाहिले आहेत आणि तिन्हींनी माझे दिवसच्या दिवस खाल्ले आहेत. या लेखात २००६ साली पायथन २.५ सोबत प्रमाण लायब्ररीत आलेले, सी लायब्ररीतली फंक्शने कॉल करू देणारे सीटाइप्स हे मॉड्यूल धरून सगळी रीत सांगितली आहे. लायब्ररी लोड होते आहे आणि तिची हेडर फाइल (फंक्शनांच्या घोषणांची फाइल) तुमच्याजवळ आहे, हे गृहीत धरले आहे. फंक्शनांची आणि प्रकारांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टंकताना ती मूळ स्पेलिंगने लिहावीत.

१. रिटर्न टाइप आपणच सांगायचा असतो

कंपाइल झालेल्या सी लायब्ररीत फंक्शनचे नाव आणि त्याचा पत्ता एवढेच बाहेरून दिसते. ते फंक्शन पूर्णांक देते, दशांश देते की पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, देते, याची कसलीही नोंद तेथे नसते. ही माहिती हेडर फाइलमध्ये असते आणि सीटाइप्स हेडर फाइल वाचत नाही. म्हणून आपण काही सांगितले नाही तर तो प्रत्येक फंक्शनचे उत्तर सी_इंट, म्हणजे ३२ बिटांचा चिन्हासह पूर्णांक, असे धरून चालतो. बहुतेक सगळ्या चुकांचे मूळ या एका गृहीतकात आहे.

हे गृहीतक किती महागात पडते ते पाहण्यासाठी गणिताच्या लायब्ररीतले वर्गमुळाचे फंक्शन घ्यावे. ६४ बिटांच्या इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरवर पूर्णांक आणि पॉइंटर आरएएक्स या रजिस्टरमधून (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागेतून) परत येतात, तर डबल, म्हणजे ६४ बिटांच्या दशांश, प्रकारचे उत्तर एक्सएमएम० या वेगळ्याच रजिस्टरमधून येते. रेसटाइप, म्हणजे फंक्शनच्या उत्तराचा प्रकार सांगणारा गुणधर्म, न लावता ४.० चे वर्गमूळ मागितले की फंक्शन २.० हे उत्तर एक्सएमएम० मध्ये ठेवते आणि सीटाइप्स आरएएक्समध्ये आधीपासून पडलेला भलताच आकडा उचलून आपल्या हातात देतो. गणित चुकलेले नसते. उत्तर एका खोलीत ठेवलेले असते आणि आपण दुसऱ्या खोलीत शोधत असतो. रेसटाइप सी_डबल ऐवजी सी_फ्लोट लावला तर खोली बरोबर सापडते, पण ६४ बिटांपैकी खालचे ३२ बिटच वाचले जातात. २.० या डबलचे खालचे सगळे ३२ बिट शून्य असल्यामुळे उत्तर ०.० असे येते. हे उत्तर कचऱ्यासारखे दिसत नाही, म्हणूनच ते अधिक धोकादायक आहे.

२. हेडर उघडून प्रत्येक फंक्शनला दोन्ही गोष्टी लावाव्यात

लायब्ररी लोड केल्याबरोबर, पहिला कॉल होण्याआधी, वापरायच्या प्रत्येक फंक्शनला आर्गटाइप्स (आर्ग्युमेंटचे प्रकार) आणि रेसटाइप हे दोन्ही लावावेत. फंक्शन साधा इंट देत असले तरी सी_इंट स्पष्ट लिहावे, म्हणजे विसरलेले फंक्शन आणि मुद्दाम सोडलेले फंक्शन यांतला फरक वाचणाऱ्याला कळतो. काहीच परत न देणाऱ्या व्हॉइड फंक्शनला नन, म्हणजे पायथनचे ‘काही नाही’ हे मूल्य, लावावा. साइझ_टी (आकारासाठीचा चिन्हविरहित पूर्णांक) देणाऱ्याला सी_साइझ_टी लावावा. लाँग देणाऱ्याला सी_लाँगच लावावा, कारण ६४ बिटांच्या लिनक्सवर लाँग ८ बाइटांचा असतो आणि ६४ बिटांच्या विंडोजवर ४ बाइटांचा. आपण स्वतः अंदाजाने रुंदी ठरवली की एका ठिकाणी ती चुकणारच. बूल देणाऱ्याला सी_बूल लावावा, कारण अशा फंक्शनच्या उत्तराचा फक्त खालचा एक बाइट अर्थपूर्ण असतो, वरच्या बिटांमध्ये काहीही उरलेले असू शकते, आणि ते सगळे इंट म्हणून वाचले की ‘नाही’ चे ‘होय’ होते. विंडोजच्या एपीआयमधला मोठ्या अक्षरांतला बूल मात्र प्रत्यक्षात इंट आहे; त्यासाठी सीटाइप्सच्या विनटाइप्स या भागातला प्रकार घ्यावा.

येथे एक बारीक खाच आहे. लायब्ररीच्या ऑब्जेक्टवर टिंब देऊन फंक्शन घेतले तर तेच फंक्शन ऑब्जेक्ट पुढच्या वेळीही मिळते आणि लावलेला रेसटाइप टिकतो. चौकटी कंसात नाव देऊन घेतले तर दर वेळी नवे ऑब्जेक्ट तयार होते आणि त्यावर लावलेला रेसटाइप त्याच्याबरोबरच नाहीसा होतो. कंसाने घ्यायचेच असेल तर ते एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवावे आणि कॉलही त्याच व्हेरिएबलवर करावा.

३. पॉइंटर परत येतो तेव्हा

वरची सगळी कामे यादी पाहून करता येतात. पॉइंटरच्या बाबतीत मात्र विचार करावा लागतो, आणि मी स्वतः सर्वांत जास्त काळ येथेच अडकलो होतो.

एका लायब्ररीतले फंक्शन मजकूर तयार करून त्याचा पॉइंटर देत असे. माझ्या संगणकावर कोड आठवडाभर सुरळीत चालला आणि दुसऱ्या संगणकावर पहिल्याच कॉलला कोसळला. मी आलेले उत्तर छापून पाहिले तर ते -१६७७७१६८१६ होते. पत्ता ऋण कसा असेल, म्हणून मी सापडलेल्या सल्ल्याप्रमाणे मास्क लावून, म्हणजे फक्त खालचे ३२ बिट ठेवून, तो धन केला. २६१७२५०४८० मिळाले, आणि प्रोग्राम तरीही कोसळला. खरा पत्ता १३९८८९७०२०८१२०० होता. रेसटाइप न लावल्यामुळे त्याचे वरचे ३२ बिट कापले गेले होते आणि उरलेल्या ३२ बिटांतला सर्वांत वरचा बिट १ असल्यामुळे आकडा ऋण दिसत होता. मास्कने चिन्ह बदलते, कापलेले बिट परत येत नाहीत. ते पायथनपर्यंत पोहोचलेलेच नसतात. माझ्या संगणकावर तो पॉइंटर योगायोगाने २१४७४८३६४८ पेक्षा लहान पत्त्याचा असे, म्हणजे ३१ बिटांत मावत असे, म्हणून तेथे चूक लपून राहिली. ‘माझ्याकडे तर चालते’ याला पॉइंटरच्या बाबतीत पुरावा म्हणून काडीची किंमत नाही.

मग मी रेसटाइप म्हणून सी_व्हॉइड_पी लावला. पत्ता पूर्ण आला, मजकूर वाचता आला, आणि प्रोग्राम आता मेमरी मोकळी करण्याच्या ओळीवर कोसळू लागला. याचे कारण समजायला मला दोन दिवस लागले, म्हणून ते सावकाश सांगतो. रेसटाइप सी_व्हॉइड_पी असला की सीटाइप्स आपल्याला पॉइंटर ऑब्जेक्ट देत नाही. तो पत्ता साध्या पायथन पूर्णांकात बदलून देतो, आणि पत्ता शून्य असेल तर नन देतो. हा पूर्णांक आपण पुढच्या फंक्शनला दिला आणि त्या फंक्शनला आर्गटाइप्स लावलेले नसले, तर सीटाइप्सच्या लेखी तो पुन्हा एक साधा इंट ठरतो. लिनक्सवर त्याचे वरचे ३२ बिट निमूटपणे कापले जातात आणि मोकळे करणाऱ्या फंक्शनच्या हाती भलताच पत्ता पडतो. येताना जी चूक मी दुरुस्त केली होती तीच जाताना पुन्हा होत होती. म्हणून ज्या फंक्शनकडून पॉइंटर येतो त्याला रेसटाइप आणि ज्या ज्या फंक्शनकडे तो जातो त्या प्रत्येकाला आर्गटाइप्स, हे एकच काम समजून एकाच बैठकीत करावे.

याहून पक्का उपाय असा की सी_व्हॉइड_पी पासून स्वतःचा एक रिकामा क्लास वारसाने तयार करावा आणि तो रेसटाइप म्हणून लावावा. मूळ प्रकाराचे आपोआप पूर्णांकात होणारे रूपांतर वारस क्लासला लागू होत नाही; कॉलमधून त्या क्लासचेच ऑब्जेक्ट परत येते आणि पुढे दिले तर पूर्ण रुंदीचा पॉइंटर म्हणूनच जाते. डेटाबेसचे कनेक्शन, उघडलेली फाइल, एन्कोडर अशी ज्यांच्या आत आपल्याला डोकावायचे नसते ती सगळी हँडल मी याच रीतीने घेतो, प्रत्येक जातीसाठी वेगळा क्लास करून.

आता मजकुराकडे वळू. कॅरेक्टर पॉइंटर देणाऱ्या फंक्शनला सी_चार_पी लावा, असे सर्रास सांगितले जाते. असे केल्यास सीटाइप्स त्या पत्त्यापासून पहिल्या शून्य बाइटपर्यंतचा मजकूर पायथनच्या बाइट्समध्ये उतरवून घेतो आणि मूळ पत्ता टाकून देतो. मजकूर मिळतो, पण तो ज्या मेमरीत होता ती मोकळी करण्यासाठी लागणारा पत्ता आपल्याकडे उरत नाही. म्हणून सी_चार_पी लावण्याआधी एक प्रश्न विचारणे अनिवार्य आहे: ही मेमरी कोणाच्या मालकीची आहे? या प्रश्नाचे उत्तर प्रकारात कधीच लिहिलेले नसते. सीच्या प्रमाण लायब्ररीतले, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचे मूल्य देणारे गेटएन्व्ह आणि पॉझिक्स या युनिक्स पद्धतीच्या प्रमाणातले, मजकुराची प्रत काढणारे स्ट्रडप ही दोन्ही कॅरेक्टर पॉइंटरच देतात. पण गेटएन्व्हने दिलेली मेमरी आपली नसते आणि ती मोकळी करणे चूक आहे, तर स्ट्रडपने दिलेली मेमरी खास आपल्यासाठी घेतलेली असते आणि ती मोकळी न करणे चूक आहे. हेडरमधली ओळ कितीही वेळा वाचली तरी हा फरक दिसणार नाही. त्यासाठी त्या फंक्शनची माहितीपत्रिकाच वाचावी लागते.

मेमरी लायब्ररीची असेल तर सी_चार_पी अगदी योग्य आहे, कारण मजकुराची प्रत लगेच निघते. तारखेचा मजकूर देणारे सीटाइम हे फंक्शन एकाच ठरलेल्या जागेत लिहिते आणि पुढचा कॉल त्यावरच लिहू शकतो. तेथे पत्ता जपून ठेवण्यापेक्षा प्रत घेणेच बरोबर. मेमरी आपल्याला मोकळी करायची असेल तर सी_चार_पी लावूच नये. तेथे वर सांगितलेला वारस क्लास किंवा सी_चारचा पॉइंटर लावावा, स्ट्रिंग_ॲट वापरून बाइट्सची प्रत काढावी आणि फायनलीच्या भागात मेमरी मोकळी करावी, म्हणजे मधे डिकोड करताना चूक झाली तरी मेमरी अडकून राहणार नाही. मजकुराच्या मधे शून्य बाइट येऊ शकत असेल, उदाहरणार्थ चित्राचा किंवा संकुचित केलेला डेटा असेल, तर स्ट्रिंग_ॲटला लांबीही द्यावी. नाही तर पहिल्या शून्यापाशी डेटा तुटतो आणि कसलीही तक्रार ऐकू येत नाही.

तिसरी जात अशी की पॉइंटर आपण दिलेल्या बफरच्याच आत रोखलेला असतो. मजकुरात एखादे अक्षर शोधणारे स्ट्रचर हे त्याचे उदाहरण. तेथे मोकळे करायचे काही नसते, पण मूळ बफर पायथनच्या बाजूला जिवंत ठेवावा लागतो. तो क्रिएट_स्ट्रिंग_बफरने तयार करून व्हेरिएबलमध्ये धरावा. कॉलच्या कंसातच तयार करून दिला तर कॉल संपताच तो नाहीसा होऊ शकतो आणि पॉइंटर मोडक्या जागेकडे बोट दाखवत राहतो.

मोकळे कशाने करायचे, याबद्दल मी अजिबात तडजोड करत नाही. ज्या लायब्ररीने मेमरी दिली तिच्याच सोडण्याच्या फंक्शनने ती सोडावी. एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीने तयार करून दिलेला एररचा मजकूर एसक्यूलाइट३_फ्री नेच सोडायचा असतो, तर एसक्यूलाइट३_एररएमएसजी ने दाखवलेला मजकूर मुळीच सोडायचा नसतो. एकाच लायब्ररीत दोन्ही रीती नांदतात. विंडोजवर तर लायब्ररी आणि पायथन वेगवेगळ्या सी रनटाइमशी जोडलेली असू शकतात, त्यांचे हीप (मेमरी वाटपाचे साठे) वेगळे असू शकतात, आणि एकाने दिलेली मेमरी दुसऱ्याच्या फ्रीने सोडली की हीपची मोडतोड होते. प्रोग्राम त्याच ओळीवर कोसळला तर नशीब समजावे; अनेकदा तो पुढे कुठेतरी, काहीही संबंध नसलेल्या ठिकाणी कोसळतो.

आणि ट्राय-एक्सेप्टविषयी: चुकीच्या पत्त्यावरून वाचताना येणारा सेगमेंटेशन फॉल्ट हा पायथनचा एक्सेप्शन नव्हे. लिनक्सवर कार्यप्रणाली संपूर्ण प्रोसेस बंद करते, त्यात आपला एक्सेप्टही जातो. शून्य पॉइंटर मात्र आधी ओळखता येतो, म्हणून पॉइंटर वापरण्याआधी तो खरा आहे का हे दर वेळी तपासावे.

४. यश-अपयश ओळखणे

सीमध्ये अपयश कळवण्याची एकच पद्धत नाही. एसक्यूलाइट यशासाठी ० देते, विंडोजची अनेक फंक्शने अपयशासाठी ० देतात, पॉझिक्सची बहुतेक फंक्शने अपयशासाठी -१ देतात. साइझ_टी देणारे फंक्शन अपयशासाठी -१ देत असेल, जसे एमबीएसटूडब्ल्यूसीएस देते, तर ६४ बिटांच्या सिस्टिमवर आपल्याला १८४४६७४४०७३७०९५५१६१५ हा आकडा दिसतो आणि ‘शून्यापेक्षा लहान आहे का’ ही तपासणी कधीच लागू होत नाही. तेथे सी_साइझ_टी मध्ये -१ घालून त्याच्या व्हॅल्यूशी तुलना करावी.

ही तपासणी कॉल करणाऱ्या प्रत्येक जागी लिहू नये. फंक्शनच्या एररचेक या गुणधर्माला आपले एक छोटे फंक्शन लावावे. त्याला आलेले उत्तर, ते सी फंक्शन आणि दिलेले आर्ग्युमेंट अशा तीन गोष्टी मिळतात, अपयश दिसले तर ते एक्सेप्शन फेकते, आणि ते जे परत देईल तेच कॉलचे उत्तर ठरते. अपयशाच्या प्रत्येक पद्धतीसाठी वेगळे एररचेक ठेवावे. सगळ्यांसाठी एकच लिहिण्याचा मोह होतो, पण ० म्हणजे यश की अपयश याचाच घोळ मग पुढे वर्षभर पुरतो.

एररनो, म्हणजे सीमधला शेवटच्या चुकीचा क्रमांक, वाचायचा असेल तर लायब्ररी लोड करतानाच यूझ_एररनो चालू करावे आणि मूल्य सीटाइप्सच्या गेट_एररनोने घ्यावे. सी फंक्शन संपून आपली पुढची ओळ चालेपर्यंत पायथनचा इंटरप्रिटर स्वतः अनेक सिस्टिम कॉल करू शकतो आणि खरा एररनो त्यात पुसला जातो. हा पर्याय चालू असला की सीटाइप्स कॉल संपताच त्याची प्रत प्रत्येक थ्रेडसाठी वेगळी जपून ठेवतो. विंडोजवर याच कामासाठी यूझ_लास्ट_एरर आहे. रिटर्न व्हॅल्यू अपयश दाखवत नसेल तर एररनोकडे पाहूच नये, कारण यशस्वी कॉल तो शून्य करत नाही. याला अपवाद गेटप्रायॉरिटीसारख्या फंक्शनांचा: तेथे -१ हे खरे उत्तरही असू शकते, म्हणून कॉलच्या आधी सेट_एररनोने शून्य घालावे आणि नंतर तो बदलला का ते पाहावे.

५. आर्ग्युमेंटमधून येणारे उत्तर

रिटर्न व्हॅल्यू फक्त एरर कोड असेल आणि खरे उत्तर पॉइंटर आर्ग्युमेंटमधून येत असेल, तर योग्य प्रकाराचे ऑब्जेक्ट तयार करून ते बायरेफने, म्हणजे त्याचा पत्ता म्हणून, द्यावे आणि कोड तपासल्यानंतरच त्याची व्हॅल्यू वाचावी. एसक्यूलाइट३_ओपन अपयशी झाले तरी सहसा हँडल देतेच आणि ते बंद करावे लागते, एवढे ध्यानात ठेवावे. स्ट्रक्चर परत येत असेल तर त्याचे फील्ड हेडरच्या क्रमानेच लिहावेत आणि साइझऑफ सी कंपायलरच्या आकड्याशी जुळवून पाहावे.

६. चाचणी

चाचणी करताना पायथन फॉल्टहँडलर चालू करून सुरू करावा, म्हणजे प्रोसेस कोसळली तरी पायथनची कोणती ओळ चालू होती ते छापले जाते. ज्या फंक्शनकडून मजकूर येतो ते एक लाख वेळा कॉल करून प्रोसेसची मेमरी आधी आणि नंतर पाहावी; दर कॉलला १०० बाइट गळत असतील तर साधारण १० एमबीची वाढ दिसते, आणि ती लपत नाही. मेमरी वाढली तर मोकळे करणे राहिले आहे. मेमरी स्थिर असूनही अधूनमधून प्रोग्राम कोसळत असेल तर जी मेमरी आपली नव्हती ती आपण मोकळी करत आहोत का, हे आधी पाहावे, आणि त्यानंतर पॉइंटर घेणाऱ्या प्रत्येक फंक्शनला आर्गटाइप्स लावले आहेत का ते हेडर समोर ठेवून एकेका ओळीने तपासावे.